परक्या मॅटवर

रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या शाळेसाठी जपानहून शिक्षक बोलावला, तोही दोनदा. शांतिनिकेतनची शाळा १९०१ साली सुरू झाली. ती जेमतेम चार वर्षांची असताना जिन्नोसुके सानो तिथे आले आणि मुलांना ज्युजुत्सू शिकवू लागले. पुढे १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी आले. ते कोदोकानमध्ये, म्हणजे ज्युदोच्या मूळ संस्थेत, तयार झालेले मुरब्बी शिक्षक होते. सुमारे दोन वर्षं ते शांतिनिकेतनात राहिले. मुलांच्या बरोबरीने मुलीही मॅटवर उतरल्या. त्या काळच्या बंगालात ही लहान गोष्ट नव्हती. अमर्त्य सेन यांच्या आई, अमिता सेन, त्या मुलींपैकीच एक. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या न्यू एम्पायर थिएटरात विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं झाली. रवींद्रनाथांनी त्या कार्यक्रमासाठी गाणं रचलं.

मग मुदत संपली. ताकागाकींना निदान कलकत्ता महापालिकेने ठेवून घ्यावं म्हणून रवींद्रनाथांनी खटपट केली, पण तिला यश आलं नाही. ताकागाकी पुढे नेपाळ आणि अफगाणिस्तानात शिकवायला गेले आणि शांतिनिकेतनातला ज्युदो थांबला. भारतात ज्युदोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती १९६६ साली, हैदराबादला. मधली पस्तीस वर्षं गेली ती गेलीच.

मी ज्युदो शिकवतो, आणि या गोष्टीकडे मला नेहमी एका हळहळीने पाहावं लागतं. काय कमी होतं तिथे? शिक्षक अव्वल दर्जाचा होता. विद्यार्थी उत्साही होते. मागे उभा असलेला माणूस म्हणजे साक्षात रवींद्रनाथ. पैशांची अडचण होती, ती शांतिनिकेतनात कायमच असायची. माझ्या मते खरी उणीव एका माणसाची होती: ताकागाकींच्या शेजारी उभा राहून शिकणारा नव्हे, शिकवायला शिकणारा माणूस. ताकागाकी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना रांगेत उभं करून ‘चला, पडण्यापासून सुरुवात’ असं म्हणणारा कुणीतरी तिथलाच. हे पुस्तक परदेशी शाळेत शिबिर घ्यायला निघालेल्या शिक्षकांसाठी आहे. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सतत होता तो तिथे मागे राहणारा शिक्षक.

ज्युदोचा इतिहास पाहिला तर परदेशात त्याचं काय झालं हे बहुतेक वेळा या एका गोष्टीवरून ठरलेलं दिसतं. लंडनमध्ये गुंजी कोइझुमी यांनी १९१८ च्या जानेवारीत ‘बुदोक्वाई’ हा क्लब काढला. ते तिथेच राहणारे, तिथेच पोटापाण्याचा उद्योग करणारे गृहस्थ. दोन वर्षांनी, १९२० मध्ये, ज्युदोचे जनक जिगोरो कानो लंडनला आले. कोइझुमी आणि त्यांच्या क्लबात शिकवणारे युकिओ तानी दोघेही तोवर जुन्या ज्युजुत्सूच्या वळणाचे होते. कानोंची पद्धत पाहून ते कोदोकानच्या ज्युदोकडे वळले आणि कानोंनी त्यांना दुसरी ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी, दिली. कानोंचा मुक्काम काही फार मोठा नव्हता. पण ते आले तेव्हा मॅट अंथरलेली होती, मुलं येत होती, वर्गणी गोळा होत होती, आणि कानो बोटीवर चढले तरी संध्याकाळचा वर्ग चुकणार नव्हता. पाहुणा शिक्षक म्हणजे विरजण. चमचाभरही पुरतं, पण दूध घरचं असावं लागतं आणि ते कोमट ठेवणारं कुणीतरी घरात असावं लागतं.

पॅरिसची गोष्ट याहून बोलकी आहे. १९३३ मध्ये कानो पॅरिसला गेले असताना त्यांची मोशे फेल्डेनक्राइस या तरुण इंजिनिअरशी गाठ पडली. फेल्डेनक्राइस ज्युजुत्सूवर पुस्तक लिहून बसले होते. कानोंनी त्यांना हाताशी धरलं आणि १९३६ मध्ये फ्रान्समधला ज्युजुत्सू क्लब उभा राहिला. त्याच सुमारास मिकिनोसुके कावाइशी हे जपानी ज्युदो शिक्षक पॅरिसला स्थायिक झाले. या कावाइशींनी जे केलं ते परदेशात शिकवायला जाणाऱ्या प्रत्येकाने नीट अभ्यासावं. त्यांनी पाहिलं की फ्रेंच विद्यार्थ्याला डावांची जपानी नावं लक्षात ठेवणं जड जातंय, म्हणून त्यांनी डाव गटांत बसवले आणि त्यांना क्रमांक दिले. पायाचा पहिला, पायाचा दुसरा, कमरेचा पहिला. पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्याच्या मध्ये वर्षानुवर्षांचा ओसाड प्रदेश असतो, तिथे विद्यार्थी गळतात. म्हणून त्यांनी पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशा रंगीत पट्ट्यांच्या पायऱ्या रूढ केल्या. आज आपल्या गावातल्या मुलाला पिवळा पट्टा मिळाला की आई पेढे वाटते, त्यामागे कावाइशींचा पॅरिसमधला हा विचार आहे.

कर्मठ मंडळींना हे रुचलं नाही आणि पुढे कोदोकानच्या पद्धतीने शिकवणाऱ्यांशी वादही झाले. मला मात्र कावाइशींचं मोठेपण त्यांच्या गैरहजेरीत दिसतं. महायुद्धात त्यांना फ्रान्स सोडावं लागलं. परतायला १९४८ साल उजाडलं. पण तोवर, १९४६ मध्ये, फ्रेंचांनी आपला महासंघ स्थापन केला होता. शिक्षक नसताना वर्ग चालू राहिला. आज नोंदणीकृत ज्युदोकांची संख्या फ्रान्समध्ये जपानपेक्षा कितीतरी जास्त आहे.

फ्रान्सने आणखी एक गोष्ट केली. १९५५ मध्ये तिथे कायदाच झाला: ज्युदो शिकवून पैसे घ्यायचे तर सरकारी पदविका हवी. चांगला खेळाडू म्हणजे चांगला शिक्षक हे समीकरण त्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच मोडीत काढलं. याचं महत्त्व कळायचं तर जपानकडेच पाहावं लागतं, आणि ते पाहताना जिवाला त्रास होतो. १९८३ नंतरच्या तीन दशकांत जपानी शाळांमध्ये ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक मुलं दगावली. बहुतेकांना डोक्याला मार लागला होता. त्यात माध्यमिक शाळेत नुकताच प्रवेश घेतलेली, पडायलाही न शिकलेली मुलं बरीच होती, आणि ज्या डावांवर बोट ठेवलं गेलं त्यांत ओसोतो गारी आघाडीवर होता. समोरच्याला मागे झुकवून त्याचा पाय मागून कापायचा हा डाव. पडणाऱ्याने हनुवटी छातीशी घेतली नाही तर डोकं सरळ जमिनीवर आपटतं. २०१० मध्ये अशा मुलांच्या पालकांनी संघटना काढली आणि जगापुढे प्रश्न ठेवला की फ्रान्समध्ये जपानहून कितीतरी जास्त मुलं ज्युदो खेळतात, मग तिथे असे मृत्यू का होत नाहीत? उत्तराचा मोठा भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणात होता. ज्युदो ज्या देशात जन्मला त्याने हे ज्या देशात तो गेला त्याच्याकडून शिकावं लागलं.

एवढं मागचं सांगितलं, कारण दोन दिवसांच्या शिबिराला निघालेला शिक्षक बॅग भरताना याचा विचार करत नाही. तो विचार करतो की तिथे काय दाखवू. आपले हुकमी डाव कुठले, कुठला डाव पाहून मंडळी थक्क होतील, कुठला तिथे कुणी पाहिलाही नसेल. हा विचार स्वाभाविक आहे. बोलावणारेही बहुधा तशाच अपेक्षेने बोलावतात. पण प्रात्यक्षिक आणि शिबिर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रात्यक्षिकाला स्वतःची जागा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ सादर केले, ते प्रात्यक्षिक होतं आणि त्याने काम चोख केलं: असंही काही आहे हे जगाला दिसलं. पण मल्लखांब परदेशात रुजला तो खूप नंतर, आणि तो रुजवायला दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांच्यासारख्या माणसाला देशोदेशी जाऊन, तिथल्या तिथल्या लोकांना शिकवायला शिकवावं लागलं. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. परदेशी संघांतली मुलंमुली खांबाला हात लावून नमस्कार करत होती आणि खाली त्यांचे स्वतःचे, त्यांच्याच देशातले प्रशिक्षक उभे होते. मला त्या स्पर्धेतलं सगळ्यात मोठं यश ते वाटतं.

तर दोन दिवसांच्या शिबिराचा हिशेब मांडू. मॅटवरचे प्रत्यक्ष तास आठ, फार तर दहा. त्यात हजेरी, ओळख, फोटो, चहा आणि सरकारी पाहुणा असेल तर त्याचं भाषण. हाती उरतात सहा ते सात तास. समोर आठ वर्षांच्या मुलापासून पन्नाशीच्या गृहस्थापर्यंत सगळे. कुणी स्पर्धेची तयारी करणारा, कुणी कालच नाव घातलेला. एवढ्या वेळात नवा डाव अंगात भिनत नाही. उचिकोमी, म्हणजे न फेकता डावाच्या शिरकाव्याची घोटणी, हजारोंनी झाल्याशिवाय कुठलाच डाव आपला होत नाही हे प्रत्येक ज्युदोकाला ठाऊक आहे. मग दोन दिवसांत वीस डाव दाखवून आपण काय साधतो? मुलांच्या मोबाइलमध्ये वीस व्हिडिओ. म्हणून या पुस्तकातला आग्रह असा आहे की दोन दिवसांत तीन गोष्टी घ्याव्यात, फार तर चार, आणि त्यांतली एक पडण्याची असावी. आणि त्या तीन गोष्टी कुठल्या हे आपण घरून ठरवून नेऊ नये. तिथल्या शिक्षकाला विचारावं: तुमची मुलं कुठे अडतात?

हा प्रश्न विचारल्यावर काय होतं याचा एक अनुभव सांगतो. नेपाळमध्ये, काठमांडू खोऱ्यातल्या एका शाळेत थंडीच्या दिवसांत शिबिर होतं. हॉल पत्र्याचा. फोमच्या तुकड्यांवर जाड ताडपत्री ताणून, कडेने दोरीने करकचून बांधलेली, अशी मॅट. सकाळी ती इतकी गार की मुलं एका पायावर उभी राहून दुसरा पाय पोटरीवर घासायची. मी सुरुवातीला नुसता बसून त्यांचा नेहमीचा वर्ग पाहायचं मागून घेतलं होतं. मुलं ओसोतो गारी करत होती आणि सगळीच्या सगळी एका वेगळ्या तऱ्हेने. आपण शिकवतो की डावा पाय एकदम खोल, समोरच्याच्या पायाच्या बाहेर टाका आणि मग उजवा पाय झुलवा. ही मुलं दोन तोकडी पावलं टाकत होती, तळवा पूर्ण टेकवून, आणि पाय उचलायच्या आधी छातीला छाती भिडवत होती. दिसायला डाव आखूड, अडखळता.

चहाच्या वेळी मी तिथल्या सरांना विचारलं. ते वयाने माझ्याहून मोठे, मी त्यांना दाइ, म्हणजे दादा, म्हणत होतो. ते उठले, मला मॅटवर घेऊन गेले आणि हिंदीत म्हणाले, “लांब पाऊल टाकून बघा.” मी टाकलं आणि पायाखालची ताडपत्री वीतभर सरकली. आधाराचा पाय घसरला की डाव करणारा समोरच्यासकट मागे कोसळणार आणि खालच्याचं डोकं दोन तुकड्यांच्या फटीत जाणार. दाइंनी ताडपत्री ओळखून डाव बदलला होता. कुठल्या कोपऱ्यात फोम दबलेला आहे, तिथे कुणालाही फेकायचं नाही, हेही मुलांना तोंडपाठ होतं. कुठल्याही पुस्तकात नसलेला हा ज्युदो त्यांनी आपल्या हॉलमध्ये, आपल्या मुलांना जपण्यासाठी घडवला होता.

बाहेरून आलेल्या, नावाजलेल्या शिक्षकाने तिथे पहिल्या तासाला उभं राहून ‘हे चुकीचं आहे, पाऊल खोल टाका’ म्हटलं असतं तर मुलांनी ऐकलं असतं. पाहुण्याचं सगळे ऐकतात. आणि पाहुणा गेल्यावर दाइ तीच तोकडी पावलं शिकवताना मुलांच्या डोळ्यांत शंका दिसली असती. शिबिराने होणारं नुकसान असं असतं. ते कुठल्या अहवालात येत नाही. आम्ही दोघांनी मिळून त्या दिवशी दुपारी एवढंच घेतलं की छाती भिडवल्यावर समोरच्याचं वजन त्याच्या उजव्या टाचेवर कसं न्यायचं. दाइंच्याच डावात भर पडली, आणि ती मुलांसमोर दाइंनी करून दाखवली. मी मुलांची कोपरं पकडून बाह्या ओढण्याची दिशा सुधारत हिंडलो.

एवढ्यावरून पुस्तकाची मांडणी लक्षात येईल. पहिला भाग निघण्यापूर्वीचा आहे: पत्रव्यवहारात काय विचारायचं, मॅट किती आणि कसली, मुलांची वयं, विमा कुणाच्या नावावर, जवळचा दवाखाना कुठे. या प्रश्नांना कंटाळू नये. सहा बाय सहा मीटरच्या मॅटवर तीस जण असतील तर सगळ्यांनी एका वेळी फेकणं म्हणजे कुणाच्या तरी गुडघ्यावर कुणीतरी पडणं. तिथे गट पाडावे लागतात आणि वेळापत्रक निम्मं होतं. हे विमानतळावर उतरल्यावर कळून उपयोग नाही.

दुसरा भाग मॅटवरचा. यात मुलांचं प्रकरण मी सगळ्यात सविस्तर लिहिलं आहे, त्याची कारणं वर आलीच. लहान मुलांना कोपराचे सांधेडाव आणि गळा आवळण्याचे डाव शिकवू नयेत, कुणी कितीही आग्रह केला तरी. पालक बाकांवर बसलेले असतात, मुलगा काहीतरी जबरदस्त करताना त्यांना पाहायचं असतं, आणि त्या मोहाला पाहुणा शिक्षक चटकन बळी पडतो. नियमांचाही घोळ असतो. स्पर्धांमध्ये हाताने पाय धरण्यावर २०१० पासून निर्बंध आले आणि पुढे ते आणखी कडक झाले. पण जुन्या वळणाच्या क्लबांत मोरोते गारी, म्हणजे दोन्ही हातांनी पाय धरून पाडणं, अजून शिकवतात आणि तो ज्युदोचाच डाव आहे. तिथल्या शिक्षकाचं मत काय आहे हे आधी विचारून घेतलं की मॅटवर मुलांसमोर वाद होत नाही.

मुलींबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. योशित्सुगू यामाशिता १९०३ मध्ये अमेरिकेला गेले, पुढच्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ज्युदो शिकवू लागले, ही गोष्ट सगळे सांगतात. त्यांच्या पत्नी फुदे यामाशिता वॉशिंग्टनमधल्या स्त्रियांना आणि मुलींना शिकवत होत्या, हे फार थोडे सांगतात. शिबिराला शक्य तर स्त्री-शिक्षिका सोबत न्या. अनेक गावांत, आपल्याकडे आणि परदेशातही, मॅटवर बाई दिसल्या की दुसऱ्या दिवशी मुलींची संख्या वाढलेली मी पाहिली आहे. शांतिनिकेतनच्या मुलींना जे करायला मिळालं ते सगळ्यांना मिळावं असं मला मनापासून वाटतं.

यामाशितांच्याच गोष्टीतून आव्हानाचा विषय निघतो. त्यांना अमेरिकेत पहिलवानांशी झुंजावं लागलं. रूझवेल्टनी स्वतः तशी कुस्ती लावून पाहिली. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत यामाशितांचा वर्ग सुरू झाला, पहिल्या मुदतीनंतर अकादमीने तो गुंडाळायचं ठरवलं आणि रूझवेल्टनी मध्ये पडून तो पुन्हा सुरू करायला लावला. तरीही यामाशिता परतल्यावर तो वर्ग टिकला नाही. राष्ट्राध्यक्षाचा हुकूम पाठीशी असूनही टिकला नाही! आज पहिलवानाशी झुंजायची वेळ येत नाही, पण प्रत्येक शाळेत एक तरुण असतो ज्याला पाहुण्याला फेकून बघायचं असतं. रांदोरीला, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीला, त्याने हात धरला की तो सराव राहत नाही, सगळा हॉल थांबून पाहू लागतो. अशा वेळी काय करावं यावर मतं निरनिराळी आहेत. माझं मत असं की त्याच्याशी खेळावं, मोकळेपणाने खेळावं, आणि त्याने स्वच्छ डाव मारला तर पडावं, नीट पडावं, आवाज काढून पडावं. पाहुण्या शिक्षकाची सुरेख उकेमी, म्हणजे नीट पडणं, मुलांनी पाहिली तर सकाळपासून आपण जे सांगतोय ते त्यांना पटतं.

पट्ट्यांविषयी मी कडक आहे. शिबिराच्या शेवटी पट्टे वाटू नयेत, परीक्षा घेऊ नयेत, कुणाच्या पट्ट्याबद्दल मत देऊ नये. बोलावणारेच कधी कधी गळ घालतात, ‘तुमच्या हातून दिला तर मुलांना आठवण राहील’ म्हणतात. त्या मुलाचा घाम ज्याने वर्षभर पाहिला आहे त्याच्याच हातून पट्टा मिळायला हवा. परदेशी पाहुण्याच्या सहीच्या प्रमाणपत्रांचा बाजार आशियात आणि आफ्रिकेत किती फोफावला आहे हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. आपण त्यात भर घालू नये.

तिसरा भाग परतल्यानंतरचा. हा भाग कुठल्याच मार्गदर्शकात मला सापडला नव्हता आणि पुस्तक लिहिण्याचं ते मुख्य कारण. शिबिराच्या शेवटच्या दीड तासात मुलांना घरी पाठवून फक्त तिथल्या शिक्षकांबरोबर बसावं, हे मी त्यात ठासून सांगितलं आहे. त्यांनी शिकवायचं, आपण बाजूला बसायचं. मग पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक त्यांनी लिहायचं, त्यांच्या भाषेत, त्यांच्या वहीत. आपण लिहून दिलेला कागद भिंतीवर चिकटवला जातो आणि तिथेच राहतो. तीन महिन्यांनी व्हिडिओवर तासभर त्यांचा वर्ग पाहावा. मागितल्याशिवाय सल्ला देऊ नये.

असं शिकवलं तर तिथली मुलं एक दिवस आपल्या मुलांना हरवतील, हा धोका काही सहकारी बोलून दाखवतात. ज्युदोने हा दिवस १९६४ मध्येच पाहिला आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला आणि २३ ऑक्टोबरला खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटन गीसिंकने अकिओ कामिनागाला बुदोकानमध्ये, जपानी प्रेक्षकांसमोर, मॅटवर दाबून धरलं. वेळ भरली. डच पाठीराखे धावत मॅटवर येऊ लागले आणि गीसिंकने जागेवरूनच हात उंचावून त्यांना अडवलं. आधी उठून, पोशाख नीट करून, कामिनागासमोर वाकून नमस्कार करायचा होता. गीसिंकला घडवणाऱ्यांत हाकू मिचिगामी होते, युरोपात येऊन राहिलेले जपानी शिक्षक. त्या दिवशी जपानी सभागृह रडत होतं, असं सांगतात. पण तो उंचावलेला हात पाहून मिचिगामींना आपलं शिकवणं पोचल्याचं कळलं असणार, आणि मला वाटतं की पुढे ज्युदो ऑलिंपिकमध्ये रुजला याचं श्रेय कामिनागाच्या हरण्यालाही आहे. जो खेळ एकाच देशाने जिंकायचा तो जगाने कशाला खेळायचा?

मानधन, प्रवासखर्च, व्हिसा या गोष्टी परिशिष्टात आहेत. त्यांत दरवर्षी बदल होतात, तेव्हा त्या तपासून घ्याव्यात. दुसऱ्या भागातली वेळापत्रकं ज्युदोची असली तरी कुस्ती, कराटे, मर्दानी खेळ शिकवणाऱ्यांनी ती आपल्या सोयीने खुशाल बदलावीत, तास मागेपुढे करावेत, माझे डाव काढून आपले घालावेत. पहिल्या तासातली पडण्याची वीस मिनिटं मात्र कुणीही, उद्घाटनाला उशीर झाला तरी, कापू नयेत.